लाव्याचे पिल्लू अंड्यातच का अडकते, आणि त्याला हात कधी लावायचा

प्रश्न गोव्यातल्या पेडण्याच्या एका ताईंचा आहे. आषाढात त्यांनी बेळगावहून जपानी लाव्याची (कोणी बटेर म्हणतात, कोणी क्वेल) २४ अंडी आणून घरच्या लहान इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रात, ठेवली. यंत्रासोबतच्या कागदात लिहिल्याप्रमाणे पाण्याच्या दोन्ही पन्हळी पहिल्या दिवसापासून भरलेल्या ठेवल्या. सतराव्या दिवशी संध्याकाळपासून ११ पिल्ले आपली आपण बाहेर आली. दोन अंड्यांना भोक पडून सहा तास झाले तरी पुढे काही होईना, म्हणून ताईंनी कवच सोलून पिल्ले काढली. दोन्ही रक्त येऊन मेली. सात अंड्यांना भोकच पडले नाही. शेवटी फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेली, चिंब ओली, सुजल्यासारखी पिल्ले होती. चार अंडी मुळातच रिकामी निघाली. त्यांचे विचारणे असे: अडकलेल्या पिल्लाला मदत करावी की करू नये, करायची तर केव्हा आणि कशी? चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुमारास त्यांना दुसरी खेप लावायची आहे.

ताई, आधी त्या दोन पिल्लांबद्दल स्पष्टच सांगतो, कारण तेच तुमच्या मनाला लागलेले दिसते. ती अडकली नव्हती. ती थांबली होती. आणि त्या सातांचा तुमच्या हातांशी काहीच संबंध नाही; त्यांचा निकाल पहिल्या चौदा दिवसांत पाण्याने लावला होता. डिचोलीत पंधराएक वर्षे लावे उबवताना मीही या दोन्ही चुका केल्या आहेत, आणि तुमच्यापेक्षा जास्त वेळा.

थांबणे म्हणजे काय ते आधी पाहू. अंड्यातले बहुतेक दिवस पिल्लू फुप्फुसाने श्वास घेत नाही. कवचाच्या आतल्या बाजूने रक्तवाहिन्यांचे एक बारीक जाळे पसरलेले असते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू तेच जाळे शोषून घेते. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पिल्लू इतके मोठे होते की एवढ्या हवेवर त्याचे भागत नाही. अंगात कार्बन डायॉक्साइड साठतो, मानेमागचा जाड स्नायू आचके द्यायला लागतो आणि चोच पापुद्रा फोडून अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते. आयुष्यातला पहिला श्वास पिल्लू तिथे घेते. बाहेरून आपल्याला काहीच दिसत नाही. फार तर अंडे जरासे डुलते. मग त्या पोकळीतली हवाही कमी पडू लागते आणि चोचीवरच्या इवल्याशा कठीण दाण्याने ते कवचावर ठोसा मारते. आपल्याला दिसते ते पहिले भोक हे.

आणि इथेच ते थांबते. कारण अजून बरेच रक्त त्या जाळ्यात आहे आणि बलकाचा गोळा पोटाबाहेर आहे. फुप्फुसे नीट चालू लागली की जाळ्यातले रक्त हळूहळू अंगात ओढले जाते, बलक बेंबीतून पोटात घेतला जातो, आणि मग बेंबी मिटते. लाव्यामध्ये या कामाला साधारण दहा ते पंधरा तास लागतात, कधी वीसच्या पुढेही जातात. ते उरकले की पिल्लू आत वळत वळत रुंद टोकाभोवती कवच गोल कापते. हे काम मात्र झटपट होते. तासाभरात, बऱ्याचदा त्याआधीच, टोपण उघडावे तसे अंडे उघडते.

तुम्ही सहाव्या तासाला कवच सोलले तेव्हा पापुद्र्यातल्या वाहिन्या रक्ताने भरलेल्या होत्या. पापुद्रा फाटला की त्याही फाटतात. जन्मतः लाव्याचे पिल्लू सात-आठ ग्रॅमचे, त्यात रक्त ते केवढे! दोन-चार थेंब गेले की संपले. आमच्या आईकडे लावे नव्हते, पण खुडूक कोंबडी बसायची. आम्ही मुले टोपलीत हात घालायला गेलो की ती एवढेच म्हणायची, "मातशें राव." म्हणजे जरा थांब. एवढ्या वर्षांत मी यंत्रे बदलली, थर्मामीटर बदलले, पण सतराव्या दिवशी यंत्राजवळ गेलो की अजूनही तेच शब्द कानात येतात.

आता ते सात. पूर्ण वाढलेले, ओले, सुजलेले, आणि भोक न पाडता गेलेले पिल्लू म्हणजे बहुतेक वेळा अंड्यात पाणी उरलेले असते. उबवणीच्या काळात अंड्याचे वजन सुमारे ११ ते १३ टक्के घटले पाहिजे, आणि ती घट जवळजवळ सगळी पाण्याची असते. पिल्लू बलकातली चरबी वापरते तेव्हा आणखी पाणी तयार होते. तेही बाहेर पडले पाहिजे. जेवढे पाणी जाते तेवढी रुंद टोकाची पोकळी मोठी होते. पाणी गेले नाही तर पोकळी लहान राहते. पिल्लू फुगलेले असते, वळायला जागा नसते, आणि चोच हवेत जाण्याऐवजी पाण्यात जाते. ते तिथेच बुडते.

यंत्रासोबतच्या कागदात चूक नाही, पण तो कागद गोव्याच्या आषाढासाठी लिहिलेला नसतो. हिशेब करून पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात खोलीत तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्क्यांच्या आसपास असते. हीच हवा यंत्रात जाऊन ३७.५ अंशांना तापली की तिची पाणी धरण्याची ताकद जवळजवळ दुप्पट होते, आणि त्याच हवेची आर्द्रता ४९ टक्के भरते. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न घालता! लाव्याला पहिले चौदा दिवस ४५ ते ५५ टक्के हवी असते. आषाढ-श्रावणात आपल्या हवेतच ती आयती मिळते. तुम्ही वरून दोन पन्हळी भरल्यात, यंत्र ६५-७०वर गेले असणार, आणि अंड्यांतले पाणी आतच राहिले. उलट जानेवारीत रात्री हवा २० अंशांवर उतरते तेव्हा, बाहेर ८५ टक्के दिसत असले तरी, यंत्रात तीच ३० टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हा एक पन्हळ भरावीच लागते. खोलीत बल्ब लावून हवा 'कोरडी' करणारे बरेच भेटतात. त्याने खोली तापते, हवेतले पाणी तेवढेच राहते, म्हणून यंत्रातल्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही. हवेतून पाणी खरोखर काढतो तो एसी.

म्हणून आकड्यांपेक्षा वजनावर विश्वास ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. एकेक अंडे तोलायची गरज नाही, सगळी एकत्र तोला. समजा २४ अंडी २७६ ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती २६१च्या आसपास यायला हवीत, चौदाव्या दिवशी २४३ ते २४६. सातव्या दिवशी काटा २६८ दाखवत असेल तर यंत्रात पाणी जास्त आहे: असेल नसेल ते काढून टाका, यंत्राची हवेची भोके पूर्ण उघडा. २५४ दाखवत असेल तर एक पन्हळ भरा. बॅटरी लावून पोकळी बघायची पद्धत कोंबडीच्या अंड्याला छान, पण लाव्याच्या अंड्यावर काळे-तपकिरी डाग इतके की पोकळीची कड धड दिसत नाही. रिकामी अंडी कळतात, बाकी अंदाजच. मधेच रिकामे अंडे काढलेत तर त्याचे वजन हिशेबातून वजा करायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो आणि दोन दिवस विनाकारण पाणी भरत बसलो.

आर्द्रता दाखवणारे स्वस्त यंत्र दहा-दहा टक्क्यांनी चुकते. ते तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखे करा, ते झाकण आणि ते यंत्र हवाबंद डब्यात पाच-सहा तास ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमचे यंत्र ८२ दाखवत असेल तर ते सात जास्त दाखवते, संपले. थर्मामीटर ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी कोमट पाण्यात ताडून घ्या. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश. पंखा नसेल तर वर गरम आणि खाली गार असते, तेव्हा अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५च्या आसपास धरा. तुमची पिल्ले सतराव्या दिवशी आली, म्हणजे तुमचे तापमान ठीक आहे. त्याला हात लावू नका. उष्णता जास्त असली की पिल्ले सोळाव्याच्या आतच येऊ लागतात, लहानखुरी आणि बेंबी नीट न मिटलेली. कमी असली की एकोणिसावा उजाडतो, आणि पिल्ले थुलथुलीत व सुस्त असतात. दिवस मोजताना अंडी ठेवली तो दिवस शून्य धरायचा, चोवीस तास भरले की एक. याच एका दिवसाच्या गोंधळाने लोक तेराव्या दिवशीच अंडी फिरवायचे, म्हणजे त्यांची कूस बदलायचे, थांबवतात.

आणखी एक. बेळगावहून अंडी आली म्हणजे चोर्ला घाटाची वळणे खाऊन आली. हिंदकळून रुंद टोकाची पोकळी सैल होते. घरी आल्या आल्या ती यंत्रात टाकू नका. टोकदार बाजू खाली करून कागदी ट्रेमध्ये दिवसभर निवांत ठेवा, मगच लावा. टोकदार बाजू वर करून ठेवलेल्या अंड्यात पिल्लाचे डोके भलत्या टोकाला जायची शक्यता वाढते आणि भोक अरुंद बाजूला पडते. तिथे पोकळी नसते, म्हणून पहिल्या श्वासाची सोय नाही. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नका. मळलेली धुऊन लावण्यापेक्षा बाजूला काढलेली बरी.

(लावा म्हणजे इथे जपानी लावा. १९७४ साली तो अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला, आणि आज आपण पाळतो ते त्याचेच वंशज. पावसाळ्यात आपल्या सड्यांवरच्या गवतात अंडी घालतात ते रानलावे वेगळे. मुले कौतुकाने ती अंडी उचलून आणतात आणि "यंत्रात ठेवा" म्हणतात. ठेवू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने रानपाखराची अंडी उचलणे ही शिकारच आहे.)

चौदा दिवस भरले की फिरवणे बंद. अंडी आडवी ठेवा, एकमेकांना टेकतील अशी. टेकण्याला कारण आहे. लाव्याची पिल्ले अंड्यातूनच एकमेकांशी बोलतात म्हटले तर अतिशयोक्ती नाही. फुप्फुसाने श्वास सुरू झाला की आतून टिक-टिक असा आवाज येऊ लागतो. यंत्राच्या भोकाला कान लावला तर ऐकूही येतो. इंग्लंडमध्ये मार्गरेट व्हिन्स या संशोधिकेने १९६०च्या दशकात दाखवून दिले की हा आवाज शेजारच्या अंड्यांना कळतो, मागे पडलेली पिल्ले घाई करतात आणि सगळी खेप थोड्या वेळात एकदम बाहेर येते. रानात लावी पिल्लांना घेऊन लगेच घरटे सोडते, तेव्हा मागे राहणाऱ्याला कोण विचारणार? मी पूर्वी अंडी दूर दूर मांडायचो, पिल्लांना मोकळी जागा मिळावी म्हणून. जवळ ठेवायला लागल्यापासून खेप आटोपशीर निघते.

खाली वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लू फाकल्या पायाचे होते. कपाटाच्या खणात घालतात ती रबरी जाळी धुऊन घाला.

या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी. आता पाणी घाला. पन्हळी कमी पडल्या तर ओला स्पंज ठेवा, कारण आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे तर पृष्ठभागावर अवलंबून असते. झाकण न उघडता पाणी घालायची सोय करून ठेवा. मी सलाईनची नळी भोकातून पन्हळीपर्यंत सोडून ठेवतो आणि सिरिंजने कोमट पाणी देतो.

पण हवेची भोके बंद करू नका. ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आर्द्रता साठीच्या वर जाईना, म्हणून मी भोकांवर चिकटपट्टी लावली. आकडा सुरेख ७२वर गेला आणि मी झोपायला गेलो. सकाळी चाळीसपैकी तीस अंडी गप्प. पिल्ले पोकळीत चोच घालून, गुदमरून गेली होती. शेवटच्या दिवसांत त्यांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो आणि ती स्वतःही बरीच उष्णता सोडतात. म्हणून तापमान थोडे, ३७.२पर्यंत, उतरवलेले चालते. पण भोके मात्र पूर्ण उघडी ठेवा. ६० टक्के आर्द्रता आणि खेळती हवा, हे ७५ टक्के आणि कोंडलेल्या हवेपेक्षा कितीतरी बरे.

झाकण उघडायचे नाही म्हणतात ते का, तेही समजून घ्या. एकदा उघडले की ओली गरम हवा भस्सकन निघून जाते. ज्या अंड्यांना भोक पडलेले आहे त्यांचा पापुद्रा काही मिनिटांत वाळू लागतो आणि पिल्लाच्या अंगाला कागदासारखा घट्ट चिकटतो. मग ते वळू शकत नाही. आधी बाहेर आलेली पिल्ले आत कलकलाट करतात, अंड्यांवरून धावतात, अंडी फुटबॉलसारखी लोटतात. जीव कासावीस होतो आणि वाटते यांना तरी काढू या. नका काढू. पोटात घेतलेल्या बलकावर ती चोवीस तास सहज निभावतात. एक घोळका सुकला की एकदाच, पटकन, सगळे सुके एकत्र काढा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मदत करावी का? माझे उत्तर: क्वचित, आणि फक्त दोन प्रसंगी.

पहिला प्रसंग असा की, पिल्लाने गोल कापायला सुरुवात केली, पाव किंवा अर्धा घेर कापला आणि तीन-चार तास तिथेच थांबले. कापायला घेतले याचा अर्थ रक्त आत गेले आहे. इथे धोका कमी आहे, आणि उशीर केला तर पापुद्रा आणखी वाळतो. दुसरा प्रसंग म्हणजे नुसते भोक आहे, चोवीस तास उलटले, भावंडे सुकून टुणटुण उड्या मारत आहेत, आणि भोकाच्या कडेचा पापुद्रा पांढरा-कोरडा किंवा पिवळट-तपकिरी होऊन डिंकासारखा झाला आहे. पिल्लाचा आवाज बारीक होत चालला असेल तर चोवीसची वाट न पाहता आधी तपासा. भोकच नसलेले अंडे मात्र मी फोडत नाही. बाहेरून हवेचे छिद्र पाडायची एक पद्धत आहे, पण डागाळलेल्या लाव्याच्या अंड्यात चोच नेमकी कुठे आहे ते दिसत नाही. मी करून पाहिली आणि सोडून दिली.

कशी करायची? खोलीतला पंखा बंद. हात धुऊन कोमट केलेले. उकळून कोमट केलेले पाणी, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, बोथट चिमटा, बॅटरी, एवढे आधी मांडून ठेवा. अंडे बाहेर काढून झाकण लगेच लावा. काडी पाण्यात बुडवून, झटकून, भोकाभोवतीचा पापुद्रा ओलवा. नाकपुड्यांत पाणी जाता कामा नये. थेंब ओघळणारी काडी वापरूच नका. ओला झालेला पापुद्रा पारदर्शक होतो. मागून बॅटरी धरा. लाल, फांद्या फुटलेले धागे दिसले तर काम संपले: अंडे परत यंत्रात, भोक वरच्या बाजूला करून, आणि पुढचे चार-पाच तास विषय बंद. धागे नसतील, किंवा फिकट, रिकाम्या रेषाच उरल्या असतील, तर भोकापासून सुरू करून रुंद टोकाकडचे कवच तिळाएवढ्या तुकड्यांनी काढा. फक्त पोकळीवरचे, म्हणजे पिल्लू स्वतः जे टोपण कापणार होते तेवढेच. दर दोन-तीन तुकड्यांनंतर पापुद्रा पुन्हा ओलवा. चोच आणि डोके मोकळे झाले की थांबा. खालच्या अर्ध्या भागात बेंबी आणि कदाचित उरलेला बलक आहे. तिथून पिल्लाला ओढायचे नाही. अंडे तसेच यंत्रात ठेवा आणि उरलेले पाय झाडायचे काम पिल्लाला करू द्या. दोन-तीन तासांत ते आपसूक बाहेर सरकते.

मधेच रक्त दिसले तर कोरड्या काडीने हलके दाबून धरा आणि थांबले की परत ठेवा. हळद भरू नका. खोबरेल तेलाचे बरेच जण विचारतात, आपल्याकडे घरोघरी ते असतेच. वाळलेल्या पापुद्र्यावर काडीने पुसटसे लावले तर तो मऊ राहतो हे खरे, पण नाकपुडीजवळ नको आणि पिसांवर तर अजिबात नको. तेलकट पिल्लू सुकत नाही आणि गारठते. मला पाणी पुरते.

बाहेर आलेल्या पिल्लाच्या बेंबीशी बलकाचा लहान गोळा दिसला तर तो ओढू नका, कापू नका. ओल्या टिश्यूने अस्तर केलेल्या छोट्या वाटीत पिल्लाला बसवून यंत्रातच ठेवा. त्यामुळे ते वळवळत नाही आणि बाकीची पिल्ले चोच मारत नाहीत. काही वेळा दिवसभरात गोळा आत जातो. काही वेळा जात नाही. हाताने सोडवलेली सगळी जगत नाहीत, हे आधीच मनाशी धरा; जी आतून दुबळी होती ती बाहेर काढल्याने सबळ होत नाहीत. पाय फाकलेले असतील तर पहिल्याच दिवशी जखमेवर लावायच्या पट्टीची अगदी अरुंद चीर काढून दोन्ही पाय अंगाखाली येतील अशा अंतरावर बांधा. दोन-तीन दिवस पुरतात. आठवड्यानंतर बांधून उपयोग नाही.

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, पिल्लांच्या पातळीवर पहिले काही दिवस ३६-३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पाणी बाटलीच्या झाकणात, आणि झाकणात गोट्या. लाव्याचे पिल्लू अर्ध्या इंच पाण्यात बुडून मरते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. खाणे ब्रॉयलरच्या पिल्लांचे पहिले खाद्य, म्हणजे प्री-स्टार्टर, मिक्सरमधून रव्याएवढे बारीक करून. लाव्याला प्रथिने त्याहून थोडी जास्त, चोवीस टक्क्यांच्या वर लागतात, म्हणून सोबत उकडलेल्या अंड्याचा कीस चिमूटभर. उरलेला तासाभरात काढून टाका, आपल्या दमट हवेत तो लगेच आंबतो.

चार रिकाम्या अंड्यांची फार चिंता नको. प्रवासातल्या २४ मध्ये तेवढी निघतातच. पुढे स्वतःचे पक्षी ठेवाल तेव्हा एका नराला दोन-तीन माद्या, आणि एकाच खेपेतली भावंडे आपसांत जोडू नका. कोंबडीपेक्षा लाव्याला हे फार लवकर भोवते: दोन-तीन पिढ्यांत अंडी भरतात पण पिल्ले आत मरतात, आणि आपण उगाच यंत्राला दोष देत राहतो.

वीज. पेडण्यात काय, डिचोलीत काय, वाऱ्यापावसात झाड पडून तार तुटली की किती वेळ ते सांगता येत नाही. लहान यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर चालते, तेवढी जोडणी करून घ्याच. नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांत झाकण न उघडता वरून जाड चादर टाका. दोन-तीन तास अंडी थोडी गार पडली तरी फार तर पिल्ले उशिरा येतात. अंड्याला गारव्यापेक्षा उष्णता जास्त मारक, म्हणून घाबरून गरम पाण्याच्या पिशव्या चिकटवू नका. शेवटच्या तीन दिवसांत चादर टाकलीत तरी हवेची भोके उघडी राहतील असे बघा.

राहता राहिली तारीख. सतरा दिवस मागे मोजून अंडी नेमकी चवथीला फुटतील असे लावू नका. घर माणसांनी भरलेले, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीची धांदल, स्वयंपाकघरातून कोणाचा पाय निघत नाही, आणि प्रत्येक पाहुण्याचे पोर "पिल्लू दाखव ना" म्हणत झाकण उघडणार. चवथीच्या चार-पाच दिवस आधी लावा. मग सणाच्या दिवसांत फक्त अंडी फिरवायचे काम राहते, दिवसातून तीनदा, ते एखाद्या शहाण्या मुलावर सोपवता येते. चौदावा दिवस उजाडेपर्यंत गणपती दीड दिवसाचा असो की पाच दिवसांचा, घर रिकामे झालेले असेल. भाद्रपदातही आपली हवा ओलीच असते, तेव्हा दोन्ही पन्हळी कोरड्या ठेवूनच सुरुवात करा. पहिल्या दिवशीचे वजन यंत्राच्या झाकणावर पेन्सिलीने लिहा, आणि सातव्या दिवशी काटा काय सांगतो ते मला कळवा. पाणी घालायचे की नाही, ते तेव्हा ठरवू.